मानमोडीची साथ आणि कामगाराचा खाडा



या वर्षी मी पडसे आणि फ्लू यांवर बोलणार, हे कळल्यावर आमच्या युनियनच्या कचेरीतली मंडळी हसली. पगारवाढ, कंत्राटी कामगार, बंद पडलेले कारखाने असे विषय सोडून हे काय, असे त्यांना वाटले. मी डॉक्टर नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे सारे वाचन पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु या वाचनातून एक गोष्ट मला पटली आहे. नाक गळण्याचा आणि खाडा करण्याचा संबंध फार जवळचा आहे. हा संबंध ज्या वर्षी मुंबईला सर्वांत महाग पडला, त्या १९१८ सालापासून आज सुरुवात करू.

त्या काळी आपले भांडुप मुंबईत नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातले एक खेडे होते. मात्र बोरीबंदराहून कल्याणकडे जाणारा लोहमार्ग १८५३-५४ पासूनच आपल्या अंगणातून जात होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९१८ च्या जून महिन्यात, १० तारखेला, मुंबईत पोलीस शिपायांपैकी सात जण तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यात गोदीवर पहारा करणारा शिपाई होता. ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ गोदीतले कामगार पडले, मग कचेऱ्यांतले कारकून, मग गिरण्यांतले कामगार. महायुद्ध चालू होते आणि मुंबई हे सैन्याच्या ये-जा करण्याचे बंदर होते. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या जहाजाने हा ताप शहराला दिला, असे पालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे होते. तर जहाजावरच्या लोकांनाच तो शहरातून लागला, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. रोग कोणी आणला यावर भांडण झाले, पण रोग्याला घरी निजू द्यावे यावर कोणाचे एकमत झाल्याचे दिसत नाही.

ही पहिली लाट. तिने सुमारे १,६०० माणसे नेली आणि कामाचे सुमारे दहा लक्ष दिवस बुडाले, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. बुडालेल्या दिवसांचा हिशेब कोणीतरी ठेवला, हे वाचून मी चमकलो. ज्याचा दिवस बुडाला त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली की नाही, याचा हिशेब मात्र कुठे सापडला नाही. आजारपणाची भरपगारी रजा त्या काळी गिरणी कामगाराला कोण देणार? १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाचा दिवस बारा तासांचा होता. खाडा म्हणजे मजुरी गेली. खाडे वाढले तर जागाही गेली.

सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ती पहिलीसारखी सौम्य नव्हती. गावोगावच्या लोकांनी तिला मानमोडी हे नाव दिले. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळे आणि थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने जाई. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आणि गेले ते कोण? नेहमीच्या पडशात म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दगावतात. या साथीत वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे अधिक गेली, आणि त्यांतही स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. घरातल्या सर्वांचे करता करता स्वतः शेवटी निजायचे, ही आपल्या आयाबहिणींची रीत तेव्हाही होतीच.

त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. धान्य कडाडले, कापड कडाडले. उपाशी अंगावर ताप चढला. घाबरलेली माणसे रेल्वेने आणि बोटीने गावाकडे पळाली आणि आपल्याबरोबर रोगही घेऊन गेली. साथ देशभर पसरण्यात रेल्वेचा हात मोठा होता, हे सरकारी आरोग्य आयुक्तांनीही १९१९ च्या अहवालात मान्य केले. आपल्या अंगणातला लोहमार्ग मी ध्यानात ठेवा म्हटले, तो यासाठी. हिंदुस्थानात एकूण किती माणसे दगावली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ साली २५.२१ कोटी होती. १९२१ साली ती २५.१३ कोटी भरली. विसाव्या शतकात आपली लोकसंख्या घटली ती त्या एकाच दशकात.

आता या साऱ्यातला जो तक्ता मला विसरता येत नाही तो सांगतो. मुंबई शहरात या साथीने दर हजारी किती माणसे गेली, हे पालिकेच्या आरोग्य खात्याने जमातवार मांडले. युरोपियनांत हे प्रमाण ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२ होते. आणि ज्या वर्गाला त्या कागदात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात ६१.६!

रोगजंतू जात विचारून शिरत नाही. मग आठ आणि एकसष्ट हा फरक कुठून आला? औषध तर कोणापाशीच नव्हते. साहेबाच्या डॉक्टरपाशीही नव्हते. हा रोग विषाणूचा आहे हेच मुळी ठाऊक नव्हते. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, इंग्लंडात. म्हणजे फरक औषधाचा नव्हता. फरक खोलीचा होता, अन्नाचा होता आणि अंथरुणाचा होता. १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळी मुंबईतले सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. अशा खोलीत एक खोकला की सर्वांचा श्वास तोच. बंगल्यात पडलेल्याला वारा होता, दूध होते, उशाशी पाणी देणारे माणूस होते. मुख्य म्हणजे बरे वाटेपर्यंत पडून राहण्याची मोकळीक होती. चाळीतला माणूस ताप उतरला न उतरला तोच भोंग्याच्या हाकेला उठत होता.

सरकारने काय केले? वीस वर्षांपूर्वीच्या प्लेगात घरात घुसून तपासण्या करणारे हेच सरकार होते. त्या जुलमाचा राग पुण्यात १८९७ साली रँडच्या खुनापर्यंत गेला होता. १९१८ साली तसली सक्ती झाली नाही, पण मदतीचा हातही तोकडा पडला. युद्धामुळे डॉक्टर कमी आणि प्लेगच्या आठवणीने लोक इस्पितळाला भ्यालेले. अशा वेळी शहरातले स्वयंसेवक उठले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगची माणसे आणि निरनिराळ्या समाजांची मंडळे वस्त्यांतून हिंडली. औषधाची बाटली नेली, दूध नेले, कांबळी नेली. त्या बाटलीने विषाणू मेला नसेल. परंतु पाणी, पेज, ऊब आणि विसावा यांनी पुष्कळ माणसे तगली असतील, असे आजचे कोणतेही डॉक्टर सांगतील.

साथ ओसरते न ओसरते तोच, जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. मागणी महागाईची होती. पण संपाला बसलेल्या कित्येकांच्या घरी नुकतेच सुतक होऊन गेले होते, हे आपण विसरू नये. त्याच वर्षी ना. म. जोशी वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे काम साठ तासांवर आले. १९२६ ला ट्रेड युनियन कायदा झाला. आणि १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला, ज्याच्या योजनेला आपण सर्वजण ई.एस.आय. म्हणतो. मुंबईत ती १९५४ साली सुरू झाली. आजारी कामगाराला घरी बसून पैसे मिळावेत, हे तत्त्व मान्य व्हायला मानमोडीनंतर तीस वर्षे लागली.

आता त्या कायद्यातली एक बारीक गोष्ट पाहा. आजारपणाचा भत्ता साधारण सत्तर टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. परंतु आजाराचे पहिले दोन दिवस त्यात धरलेले नव्हते. फ्लूचा माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो तो लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून, आणि सर्वांत अधिक देतो तो आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे ज्या दोन दिवशी त्याने घरी राहणे सर्वांच्या हिताचे, नेमके तेच दोन दिवस बिनपगारी!

दुसऱ्याच्या चुका सांगणाऱ्याने आपलीही सांगावी. आपल्या शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात मी करार केला होता. त्यात मोठ्या अभिमानाने हजेरी बोनस मिळवला. महिन्यात एकही खाडा नसेल तर पूर्ण रक्कम, एक खाडा झाला तर काही नाही. गेटसभेत माझ्या गळ्यात हार पडला होता. पुढे २००९ चा ऑगस्ट आला. पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. मुंबईत शाळा आणि सिनेमागृहे काही दिवस बंद ठेवली गेली. कारखाना मात्र चालू होता आणि बोनसही चालू होता. आमच्या खात्यातला एक जण अंगात ताप घेऊन तीन दिवस यंत्रावर उभा राहिला. महिनाअखेरीला आठच दिवस उरले होते. पाहता पाहता खात्यातले सात जण पडले. त्यांतल्या एकाला मधुमेह होता. त्याला न्यूमोनिया झाला. पाच आठवडे तो इस्पितळात होता. वाचला, पण पुढे टेकडीवरच्या आपल्या घराची चढण त्याला एका दमात कधी चढता आली नाही. त्याने मला बोल लावला नाही. मीच स्वतःला लावला. पुढच्या करारात आम्ही एक ओळ घातली : डॉक्टरी दाखल्याचा ताप हा खाडा धरू नये. माझ्या साऱ्या करारांत ती ओळ मला मोलाची वाटते.

आता उपयोगाच्या चार गोष्टी. साधे पडसे आणि फ्लू हे वेगळे आजार आहेत. पडसे देणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. ते हळूहळू येते, नाक गळते, माणूस हिंडता-फिरता राहतो. फ्लू एकदम येतो. ताप, अंगदुखी आणि थकवा माणसाला आडवा करतात. दोन्ही विषाणूंचेच आजार असल्याने जंतुनाशक गोळ्या त्यांवर चालत नाहीत. दुकानातून मनाने आणून त्या घेऊ नयेत. विश्रांती, भरपूर पाणी आणि पातळ अन्न यांवर बहुतेक जण बरे होतात. परंतु धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले, गुंगी आली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर इस्पितळ गाठावे. गरोदर स्त्रिया, साठीच्या पुढचे, लहान मुले आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले यांनी ताप येताच डॉक्टरांना दाखवावे. फ्लूवर विषाणूरोधक औषध आहे, आणि ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण देते.

खोकताना तोंड कोपराच्या वळणात धरावे, हात साबणाने धुवावेत, आजारी माणसाने घरातही मास्क लावावा. खिडकी उघडी ठेवावी. फ्लूचा विषाणू दरसाल रूप पालटतो, म्हणून लस दरसाल घ्यावी लागते. थंड देशांत फ्लू हिवाळ्याचा. आपल्या मुंबईत तो पावसाळ्यात जोर धरतो, खिडक्या बंद होतात आणि लोकल गच्च भरतात तेव्हा. म्हणून जोखमीच्या माणसांनी लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचे ते पावसापूर्वी. म्हणजे या व्याख्यानमालेच्याच दिवसांत.

परंतु हात धुण्याचा उपदेश ज्याच्या घरी पाणी तासभरच येते त्याला, आणि घरी निजण्याचा उपदेश ज्याची मजुरी रोजची त्याला, आपण कोणत्या तोंडाने करायचा? २०२० साली करोनात दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला अंतर राखा असे सांगितले गेले, ते आपण सर्वांनी पाहिले. एकसष्ट आणि आठ यांमधले अंतर लशीने थोडे कमी होईल. उरलेले कमी होईल ते हवेशीर खोलीने आणि न कापलेल्या पगाराने.

म्हणून समोर बसलेल्यांना माझी विनंती साधी आहे. आपल्यापैकी कोणी चार माणसे कामाला ठेवणारा असेल, कोणाच्या घरी भांड्याधुण्याला बाई येत असेल, तर या पावसाळ्यात ती खोकत आली की तिला परत पाठवा, आणि त्या दिवसांचा पगार कापू नका. ते दान समजू नका. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचा तो विमा आहे, आणि तिच्या घरातल्यांच्याही.