पाठलाग (दंडविधी)

पाठलाग : स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शवूनही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधणे वा तसा प्रयत्न करणे, किंवा तिच्या इंटरनेट, ई-मेल आदींच्या वापरावर पाळत ठेवणे, हा दखलपात्र गुन्हा.

न्या. जे. एस. वर्मा समितीच्या जानेवारी २०१३ मधील अहवालानंतर त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले. त्याआधी पाठलागाला स्वतंत्र कलम नव्हते (पहा : विनयभंग). १ जुलै २०२४ पासून त्याऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू आहे.

पहिल्या दोषसिद्धीस ३ वर्षांपर्यंत कारावास व दंड, गुन्हा जामीनपात्र. पुढील दोषसिद्धीस ५ वर्षांपर्यंत कारावास व दंड. तेव्हा तो अजामीनपात्र. नकार शब्दांतच हवा असे कलम म्हणत नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. राज्याने सोपवलेला गुन्हेतपास, कायद्याने घातलेली अट आणि परिस्थितीनुरूप वाजवी वर्तन हे अपवाद. पीडित अल्पवयीन असल्यास पॉक्सो कायदाही लागू होतो (पहा : बाललैंगिक अत्याचार).

एकदाच मागे जाणे या गुन्ह्यास पुरेसे नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये म्हटले. त्यामुळे तारीखवार नोंदी आणि जपून ठेवलेले संदेश पुराव्यात मोलाचे ठरतात. स्त्रीला फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते (पहा : शून्य क्रमांकाची फिर्याद), खटला दंडाधिकाऱ्यापुढे चालतो.