खटका काढायचा राहिला

आज मी तुम्हाला एका विमानाची गोष्ट सांगणार आहे. आपल्यातल्या फार थोड्या जणी विमानात बसल्या असतील, पण ही गोष्ट आपल्या रोजच्या कामाची आहे.

नवं विमान कारखान्यातून बाहेर येतं, तेव्हा ते कागदावरच्या हिशोबाने बरोबर असतं. पण हवेत ते कसं वागेल, हे कुणीतरी उडवून बघितल्याशिवाय कळत नाही. जो ते उडवतो त्याला चाचणी वैमानिक म्हणतात. इंजिन बंद पडेल, पंख थरथरतील, एखादा भाग निखळेल, ते सगळं आधी त्याच्याच वाट्याला येतं. या कामात कितीतरी जणांचे जीव गेले. आपल्याला वाटेल, यंत्र बिघडलं म्हणूनच गेले असतील. पण दर वेळी तसं नसतं.

१९३५ साली अमेरिकेच्या लष्कराला नवं बॉम्बफेकी विमान हवं होतं. बोइंग कंपनीने ‘मॉडेल २९९’ नावाचं विमान बनवलं. बाकी कंपन्यांच्या विमानांना दोन इंजिनं, याला चार. ऑगस्टमध्ये सिएटलहून ते सुमारे नऊ तासांत, तीन हजारांहून जास्त किलोमीटर अंतर कापून ओहायो राज्यात चाचणीसाठी पोहोचलं. स्पर्धा हेच जिंकणार, असं जवळजवळ ठरल्यासारखं होतं.

३० ऑक्टोबर १९३५. राइट फील्ड नावाचं मैदान. विमानात पाच माणसं. चालवायला मेजर प्लॉयर हिल, लष्करातले मुरलेले चाचणी वैमानिक. सोबत बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर. विमान उडालं, नाक वर करत चढलं आणि चढतच राहिलं. नाक खाली येईना. थोड्याच उंचीवर वेग संपला, विमान कोसळलं आणि पेटलं. हिल त्याच दिवशी गेले. टॉवर काही दिवसांनी गेले. बाकीचे तिघे वाचले.

तपासात कळलं, यंत्रात काहीच बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना शेपटीच्या हलत्या फळ्या वाऱ्याने आदळू नयेत म्हणून त्यांना खटका लावतात. उडण्याआधी तो काढायचा असतो. तो काढायचा राहिला होता.

बायांनो, हिल नवखे नव्हते, बेफिकीरही नव्हते. पण या विमानात लक्षात ठेवायच्या गोष्टीच इतक्या वाढल्या होत्या, की हे विमान माणसाला झेपणारच नाही, अशी चर्चा झाली. लष्कराने मोठी खरेदी दुसऱ्या कंपनीकडून केली आणि बोइंगकडून फक्त १३ विमानं चाचणीसाठी मागवली.

मग वैमानिकांनी काय केलं? ‘यापुढे जास्त लक्ष द्या’ एवढं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी कामांची यादी लिहिली. सुरू करण्याआधी काय बघायचं, उडण्याआधी काय, उतरण्याआधी काय. यादी साधीच, पण दर वेळी वाचायचीच. पुढे हेच विमान बी-१७ नावाने १२ हजारांहून जास्त बनलं. यादीची पद्धत जगभर गेली. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठीही १९ मुद्द्यांची तपासणी यादी काढली.

आपल्याकडे चूक झाली की आधी विचारतात, ‘कुणी केली?’ मग त्या बाईला बोल लावतात आणि विषय संपतो. पुढच्या वेळी तीच चूक दुसरीच्या हातून होते. त्या वैमानिकांनी विचारलं, पुढच्या माणसाच्या हातून हे राहू नये म्हणून काय करायचं?

आपल्या वस्तीत कुणाचे दिवस भरत आले असतील, तर तिच्या घरी भिंतीवर यादी लावा. माता-बाल कार्ड, तपासणीचे कागद, रक्तगट, गाडीचा नंबर, सोबत कोण जाणार, घरच्या पोरांना कोण बघणार. रात्री कळा सुरू झाल्या की शहाण्या बाईलाही सुचत नाही. अशा वेळी एकीने मोठ्याने वाचावं आणि दुसरीने वस्तू हातात घेऊन ‘घेतलं’ म्हणावं. बँकेत कर्जाचा प्रस्ताव नेतानाही तसंच. ठराव, सह्या, शिक्का, पासबुक.

आणि जी म्हणेल, ‘मला सगळं पाठ आहे,’ तिलाही यादी वाचायला लावा. हिल यांनाही सगळं पाठच होतं.