लैंगिक संसर्ग : लक्षणे आणि तपासणीची वेळ

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांचा गट. परमा, गरमी, क्लॅमिडिया, जननेंद्रियांवरील हर्पिस, चामखिळी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-बी हे त्यांतले प्रमुख. लघवीला जळजळ, लिंगातून पू, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला दुर्गंधी, खाज, फोड किंवा व्रण, जांघेत बद आणि ओटीपोटात दुखणे ही परिचित लक्षणे. पण दुखण्याच्या तीव्रतेवरून रोगाचे गांभीर्य ठरवणे इथे घातक आहे. गरमीचा पहिला व्रण बहुधा एकच, कडक काठाचा आणि न दुखणारा असतो. संबंधानंतर साधारण 3 आठवड्यांनी तो उठतो आणि औषध न घेताही 3 ते 6 आठवड्यांत भरून येतो. रोगी निर्धास्त होतो, जंतू मात्र शरीरातच असतात. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे पुरळ येते, तेही मावळते. काही वर्षांनी हृदय किंवा मेंदू जायबंदी होऊ शकतो. परम्याचा पू पुरुषाला बहुधा आठवडाभरात दवाखान्यात पोचवतो. स्त्रीला तोच संसर्ग अनेकदा जाणवतही नाही आणि गर्भनलिका खराब झाल्यावर, मूल होत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा उघड होतो.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले, 45 टक्के स्त्रियांची मात्र काहीच तक्रार नव्हती. यातले सगळेच आजार संबंधांतून आलेले नव्हते. तरीही तक्रार नाही म्हणजे आजार नाही, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही. म्हणून निरोधाशिवाय नव्या जोडीदाराशी संबंध आला असेल, किंवा जोडीदाराला संसर्ग निघाला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी.

यावर आक्षेप असा, की अशाने घराघरांत संशय शिरेल. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही तपासणीतच आहे. अंगावरून पांढरे जाणे पुष्कळदा नैसर्गिक असते, किंवा संबंधांशी निगडित नसलेल्या बुरशीने होते. बाईवर आळ घेण्याआधी हे डॉक्टरांकडून कळलेले बरे. हर्पिसही वर्षानुवर्षे दबून राहून वर येऊ शकतो. दुसरा आक्षेप सोयीचा : मेडिकलमधून गोळी घेतली की भागते. परम्याच्या जंतूंनी एकेक औषध निकामी केले आहे. अर्धवट डोसाने पू थांबतो, संसर्ग उरतो. जोडीदाराचा उपचार राहिला तर तो पुन्हा लागतो. लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिरातींबद्दल एवढेच सांगावे, की गरमी-परमा बरा करण्याचा दावा जाहिरातीतून करणे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

बोभाट्याची भीती मात्र खरी आहे. चाळीशेजारच्या दवाखान्यात पाय अडखळतो. तिथे जायचे नसेल तर मुंबईत अंधेरीकरांना कूपर, बोरिवलीकरांना कांदिवलीचे शताब्दी, घाटकोपर-मुलुंडकरांना राजावाडी ही पालिकेची रुग्णालये आहेत. त्वचारोग किंवा स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढला की पुरे. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषधांची पाकिटे रंगांवरून ठरलेली असतात : लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर करडे, योनिस्रावाला हिरवे, हर्पिसला लाल. उपचार मोफत असतो. एचआयव्हीचा निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

ताप आणि ओटीपोटात दुखणे, वृषणाची अचानक सूज व वेदना, किंवा गरोदरपणातले कोणतेही लक्षण असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीचा धोका वाटला तर प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू व्हावे लागते. कुठे जावे हे सुचत नसेल तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारा.