पात्र, अपात्र आणि एक सरकती तारीख

आजचा भाग मुंबईतल्या एका तारखेबद्दल आहे. खरं तर अनेक तारखांबद्दल, कारण ही तारीख सारखी सरकत राहिली. 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द मुंबईच्या वस्त्यांमधल्या पोरासोरांनाही ठाऊक असतात. अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहत असल्याचा कागद असेल तर तुम्ही पात्र. म्हणजे झोपडी तुटली तर बदल्यात जागा मागता येते, नळासाठी अर्ज करता येतो. कागद नसेल तर अपात्र. भिंतीला भिंत लागून दोन घरं, आणि एक कायद्याला दिसतं, दुसरं दिसत नाही.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे कुणी प्रोग्राममध्ये अशी तारीख ठोकून बसवली, तर रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येतो: ही कुठून आली? तोच प्रश्न आज या तारखेला विचारू.

सुरुवात थोडी मागून. १८८८ साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला. तेव्हा मत देण्याचा हक्क मुख्यतः कर भरणाऱ्यांना होता, म्हणजे चाळीचा मालक मतदार आणि खोलीत दाटीवाटीने राहणारा गिरणी कामगार कुणीच नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने तो ओळखला. मग पथकं घरात घुसू लागली, भिंतींवर खुणा रंगवल्या जाऊ लागल्या, आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट निघाला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, हवा खेळवली, नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडल्या. पाडलेल्या खोल्यांमधले लोक शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहिले. सगळ्या प्रौढांना पालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं ते थेट १९४८ मध्ये.

हे भरभर सांगितलं, कारण खरी गोष्ट पुढे आहे. पण १८८८ चा तो कायदा लक्षात ठेवा. त्यातलं कलम ३१४ आजच्या कथेतलं मोठं पात्र आहे.

आता ४ जानेवारी १९७६. आणीबाणी चालू. सरकारने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांची गणना केली, झोपड्यांना नंबर दिले, फोटोपास दिले. कुटुंबाचा फोटो असलेला तो कागद म्हणजे 'तुम्ही इथे आहात' असं सरकारने पहिल्यांदा मान्य करणं. लोकांनी तो जिवापाड जपला. ही आपली पहिली कट-ऑफ.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात काय झालं? मानखुर्दची जनता कॉलनी उठवली. ही वस्ती कुणी चोरून वसवलेली नव्हती. शहरातून हटवलेल्या लोकांना पालिकेनेच १९५० च्या सुमारास तिथे नेऊन टाकलं होतं. दलदलीत भर घालून त्यांनी ती राहण्याजोगी केली. मग शेजारी अणुसंशोधन केंद्र वाढलं, त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीला जागा हवी झाली. जोकिन अर्पुथम आणि इतरांनी कोर्टापर्यंत लढाई नेली, पण सुमारे ७० हजार लोकांना उचलून चिता कॅम्पला नेलंच. तिथेही पुन्हा दलदल. म्हणजे मान्यतेचा कागद जानेवारीत, बुलडोझर मेमध्ये. कागद महत्त्वाचा होता, पण जमीन कुणाला हवी आहे हे त्याहून महत्त्वाचं होतं.

पुढचा टप्पा मला सगळ्यात जास्त खटकतो. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. भर पावसाळ्यात. पालिका कामाला लागली. ऑल्गा टेलिस या पत्रकार, तसंच फुटपाथ आणि वस्त्यांवर राहणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले.

तो निकाल मिळाला तर वाचाच. सुरुवातीच्या भागात याचिका करणाऱ्यांची माहिती आहे. एकजण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ ला मुंबईत आला, दहिसरच्या केमिकल कंपनीत रोजावर लागला. फुटपाथवरच्या प्लास्टिक-ताडपत्रीच्या आडोशासाठी दादाला अडीच हजार रुपये मोजले होते. १९८१ च्या जुलैत त्याचं घर तोडून कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या, तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. दुसरा आपल्या संगमनेरचा. गावात चपला शिवायचा, घर पडलं म्हणून १९६९ ला मुंबईत येऊन बदली कामगार झाला. त्यानेही तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला तीनशे रुपये दिले होते. 'फुकटे' म्हणतात ना, त्यांच्या राहण्याचा हा हिशोब.

आणि तिसरी, विलेपार्ल्याच्या हायवेलगतची कामराज नगर वस्ती. पाचशेच्या वर झोपड्या. १९६० च्या आसपास ती वसवली कुणी? हायवेच्या कडेने पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या मजुरांनी. शहराला पाणी पोहोचवणारे हात होते हे, आणि शहर म्हणत होतं की तुम्ही बेकायदेशीर.

१० जुलै १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तिथे ठामपणे मांडलं गेलं. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ असतं. पण निकालाचा दुसरा भाग कमी लोक सांगतात. फुटपाथवर घर करण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि सूचना न देता अतिक्रमण हटवू देणारं कलम ३१४ वैध आहे, असंही कोर्टाने म्हटलं. सूचना न देणं हा अपवाद असावा, एवढी त्याला मुरड घातली. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्या फुटपाथवासीयांना मालवणी किंवा तशा ठिकाणी जागा द्या, पण ती हटवण्याआधीची अट नव्हे. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कुणाला हलवायचं नाही, कारण पाऊस.

म्हणजे हक्क मान्य, घर अमान्य. आणि १९७६ मधल्या एका दिवशी गणना करणारा माणूस तुमच्या आडोशापर्यंत पोहोचला होता का, यावर पुढचं सगळं. फुटपाथवाल्यांपैकी कित्येकांपर्यंत तो पोहोचलाच नव्हता. म्हणूनच १९८५ ला स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या बाजूला फुटपाथवासीयांना सोबत घेऊन त्यांची गणना केली. सरकार मोजत नाही, तर आपणच मोजू. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात हुशार चाल हीच.

यानंतर तारीख सरकायला लागली. १९८०, १९८५, १९९५, २०००, २०११. ती सरकते बहुतेक निवडणुकीच्या आसपास. २००४ च्या विधानसभेआधी सत्ताधारी आघाडीने २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ असं म्हटलं होतं. मतं पडली, सत्ता आली, आणि त्याच हिवाळ्यात १९९५ नंतरच्या झोपड्यांवर मुंबईत मोठी तोडफोड मोहीम निघाली. त्या वेळच्या बातम्यांमध्ये आकडा ऐंशी हजारांच्या वर आहे. मतदार यादीत नाव असलेला माणूस काही आठवड्यांतच घुसखोर झाला.

पाण्याचंही तेच. १९९६ च्या सरकारी परिपत्रकापासून नळजोडणी कट-ऑफला बांधली गेली. अपात्र घरांत लोक पाण्याशिवाय राहत नाहीत, हे उघड आहे. ते टँकरवाल्याकडून घेतात, शेजाऱ्याच्या नळावरून पाइप ओढतात आणि लिटरमागे इमारतीतल्या कुटुंबाच्या कितीतरी पट पैसे मोजतात. पाणी हक्क समितीने याविरुद्ध याचिका केली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती गडकरी यांनी सांगितलं की पाणी जगण्याच्या हक्कात येतं, आणि झोपडी बेकायदेशीर आहे म्हणून ते पूर्ण नाकारता येणार नाही. मात्र कायदेशीर घरासारखंच पाणी द्यावं असं नाही, दर जास्त लावला तरी चालेल. कलम २१ चं तेच सूत्र, २९ वर्षांनी, आणि तसंच अर्धं.

पालिकेने मग धोरण केलं. २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी मिळणार, पण फुटपाथ आणि रस्त्यावरच्या झोपड्या त्यातून वगळल्या. केंद्र सरकारच्या जमिनीवर असाल तर त्या खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र आणा. म्हणजे ज्या खात्याला तुम्ही तिथून जायला हवे आहात, त्याच खात्याकडे जाऊन पाण्यासाठी सही मागायची.

'सर्वांसाठी पाणी' हे नवं धोरण मे २०२२ मध्ये जाहीर झालं. त्यात काय सुटलं आणि काय अडकलं, ते पुढच्या भागात, एका वस्तीच्या अर्जांच्या फायली समोर ठेवून.