कलापथकापासून लोकसभेपर्यंत : महाराष्ट्रातील नट आणि निवडणूक

महाराष्ट्राच्या राजकारणात नट आला तो आधी प्रचारक म्हणून. उमेदवार तो पुष्कळ उशिरा झाला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातल्या मैदानात डफ कडाडला की चाळी रिकाम्या होत. आधी पोवाडा, मग लोकनाट्य आणि शेवटी पुढाऱ्याचे भाषण, असा सभेचा क्रम रुळला. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक समाजवादी विचार घेऊन गावोगाव फिरत होते. निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके हे तिघेही पुढे मराठी रंगभूमीवर व पडद्यावर गाजले. त्यांची जडणघडण याच कलापथकात झाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही परंपरा ऐन भरात आली. ‘श्यामची आई’ या चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारे आचार्य अत्रे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने दादरमधून विधानसभेवर निवडून आले. ते नट नव्हते, निर्माते-दिग्दर्शक होते. तरीही सिनेमाच्या जगातला माणूस लोकांच्या मतांवर सभागृहात गेल्याचे हे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. मात्र त्यांना निवडून दिले ते लढ्याने आणि त्यांच्या लेखणी-वाणीने. सिनेमाच्या प्रसिद्धीचा वाटा त्यात थोडाच होता.

पुढची वीस-पंचवीस वर्षे कलावंत सभा गाजवत राहिले, पण सत्तेपासून दूरच राहिले. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळेना, तेव्हा शिवसेना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्यानंतर कोंडके शिवसेनेच्या व्यासपीठावरून बोलू लागले आणि ग्रामीण भागात त्यांच्या सभांना झुंबड उडू लागली. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी जनता पक्षासाठी प्रचार केला. निकाल लागल्यावर त्यांनी कोणतेही पद स्वीकारले नाही. ते आपल्या कामाकडे परतले.

याच काळात दक्षिणेत वेगळे घडत होते. १९७७ मध्ये एम. जी. रामचंद्रन तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव नव्याने काढलेल्या पक्षाच्या बळावर आंध्र प्रदेशात सत्तेवर आले. महाराष्ट्रात नटाचा पक्ष उभा राहिला नाही. इथली ग्रामीण सत्ता साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि जिल्हा परिषद यांच्याभोवती बांधलेली होती. उसाचा भाव, पीककर्ज आणि पाण्याची पाळी ज्याच्या हाती, मतेही बहुधा त्याच्याकडे वळत. शिवाय मराठी प्रेक्षकाला हिंदी सिनेमाही तितकाच जवळचा. त्यामुळे तमिळ किंवा तेलुगू नटासारखी एका भाषेची अख्खी निष्ठा मराठी नटाच्या वाट्याला आली नाही.

बीड जिल्ह्याचा इतिहास याला धरूनच आहे. बीड लोकसभा मतदारसंघाने आजवर एकाही चित्रपट कलावंताला दिल्लीला पाठवलेले नाही. बाहेरचा माणूस मात्र त्याला वर्ज्य नव्हता. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून निवडून आले. शेतकऱ्याच्या बोलीत तासन्‌तास सभा खिळवून ठेवणारी त्यांची वाणी कोणत्याही नटाला हेवा वाटावा अशी होती. पण त्या वाणीमागे चळवळीची पुण्याई होती. १९७७ मध्ये बीडने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना कौल दिला, तोही चळवळीतल्या माणसालाच.

नटाची उमेदवारी खऱ्या अर्थाने रुजली ती मुंबईत. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या निवडणुकीत काँग्रेसने अलाहाबादमधून अमिताभ बच्चन, दक्षिण मद्रासमधून वैजयंतीमाला आणि वायव्य मुंबईतून सुनील दत्त यांना उभे केले. तिघेही निवडून आले. बच्चन यांनी १९८७ मध्ये राजीनामा दिला. दत्त मात्र टिकले.

सुनील दत्त मूळचे झेलम जिल्ह्यातले, फाळणीत घर गमावलेले. रेडिओ सिलोनवरचा निवेदक, मग ‘मदर इंडिया’तला बिरजू आणि नंतर निर्माता-दिग्दर्शक, असा त्यांचा प्रवास झाला. पत्नी नर्गिस यांच्यासह ते अजंता आर्ट्सच्या पथकातून सीमेवरच्या जवानांसमोर कार्यक्रम करत. १९८० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नर्गिस पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेल्या. १९८४ मध्ये दत्त यांनी हरवले ते नामवंत वकील आणि विद्यमान खासदार राम जेठमलानी यांना.

१९८७ च्या आरंभी पंजाब दहशतवादाने होरपळत असताना दत्त मुलगी प्रिया हिच्यासह मुंबईहून पायी निघाले आणि सुमारे दोन हजार किलोमीटर चालून ७८ दिवसांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरात पोहोचले. वाटेतल्या गावांत नट पाहायला जमलेल्या माणसांपुढे ते सलोख्याविषयी बोलत. सिनेमाने जमवलेली गर्दी सार्वजनिक कामाला कशी लावावी, याचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. १९८९ आणि १९९१ मध्ये ते पुन्हा निवडून आले. जानेवारी १९९३ च्या दंगलीत सरकार लोकांचे रक्षण करू शकले नाही, म्हणून त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. त्याच वर्षी मुलगा संजय याला टाडाखाली अटक झाली. १९९६ आणि १९९८ च्या निवडणुका त्यांनी लढवल्या नाहीत. १९९९ मध्ये शिवसेनेचे मधुकर सरपोतदार आणि २००४ मध्ये संजय निरुपम यांना हरवून ते परतले आणि केंद्रात युवक कल्याण व क्रीडामंत्री झाले. २५ मे २००५ रोजी त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत मतदारांनी प्रिया दत्त यांना निवडून दिले.

इतरांच्या कारकिर्दी तुलनेने आखूड ठरल्या. दूरदर्शनच्या ‘महाभारत’मधले श्रीकृष्ण, नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये भाजपतर्फे निवडून आले, पण बिहारमधल्या जमशेदपूरहून. २००४ मध्ये गोविंदा यांनी उत्तर मुंबईत पाच वेळा खासदार राहिलेले राम नाईक यांना हरवले, परंतु २००९ मध्ये ते उभेच राहिले नाहीत. आदेश बांदेकर २००९ मध्ये माहीम विधानसभेत पराभूत झाले, तर ऊर्मिला मातोंडकर २०१९ मध्ये उत्तर मुंबईत पराभूत झाल्या.

मुंबईबाहेर ही वाट रुंद केली ती डॉ. अमोल कोल्हे यांनी. छत्रपती शिवाजी महाराज आणि छत्रपती संभाजी महाराज यांच्या भूमिकांनी ते घराघरांत पोहोचले होते. २०१९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे शिरूरमधून तीन वेळचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांना हरवले. पक्षफुटीनंतर ते शरद पवारांसोबत राहिले आणि २०२४ मध्ये आढळरावांवरच पुन्हा विजयी झाले. नारायणगाव हे त्यांचे गाव याच मतदारसंघातले, आणि पाठीशी पक्षाची जुनी बांधणी होती. या ऐंशी वर्षांतून एवढे स्पष्ट दिसते, की महाराष्ट्रात चेहऱ्याने पहिली निवडणूक जिंकता येते. दुसरी जिंकायची तर मतदारसंघात पाय रोवावे लागतात.