मिश्रणाचा ताबा : खानदेशच्या संदर्भात मोटार इंजिनातील हवा-इंधन प्रमाणाचा इतिहास

प्रस्तावना :

खानदेशच्या आर्थिक इतिहासात कापूस, केळी, रेल्वे आणि कापड गिरण्या यांना स्वाभाविकपणे मोठे स्थान मिळाले आहे. मोटार वाहतूक त्यात येते ती मालाची ने-आण करणारे साधन म्हणून. मात्र ते साधन चालते ठेवणाऱ्या चालकांचे व मिस्त्रींचे ज्ञान इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेरच राहिले. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या संगमावर वसलेले शहर असून जळगाव त्यांपैकी दुसऱ्या मार्गावर आहे. अशा प्रदेशात इंजिनातून अधिक शक्ती कशी मिळवावी हा प्रश्न दैनंदिन उपजीविकेचा होता. या प्रश्नाचे एक उत्तर हवा आणि इंधन यांच्या प्रमाणात दडलेले आहे. हे प्रमाण ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि तो कसकसा सरकत गेला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शास्त्रीय आधार आणि खानदेशचे हवामान :

पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. कमाल शक्ती मात्र याहून दाट मिश्रणात, म्हणजे सुमारे १२.५ ते १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणात मिळते. सिलिंडरमधील सर्व प्राणवायू वापरला जावा यासाठी इंधन थोडे जास्त द्यावे लागते, हे त्याचे कारण होय. इंधनाची बचत साधायची असेल तर उलट मिश्रण किंचित विरळ ठेवावे लागते. शक्ती, बचत आणि स्वच्छ धूर ही तीन उद्दिष्टे एकाच प्रमाणात साधत नाहीत. पुढील सर्व इतिहास या विसंगतीतून घडलेला आहे.

खानदेशच्या हवामानाने या प्रश्नाला वेगळी धार दिली. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. हिवाळ्यातील १५ अंशांच्या सकाळच्या तुलनेत त्या हवेची घनता सुमारे ९ टक्के कमी असते. हवा कमी गेली की शक्ती घटते; शिवाय साध्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण तत्त्वतः सुमारे ५ टक्के दाट होते. म्हणजे थंडीत १४.७ वर बसविलेले इंजिन उन्हाळ्यात सुमारे १४ वर चालते. प्रदेशाबाहेर पडताना दक्षिणेस चाळीसगावजवळचा कन्नड घाट, पश्चिमेस कोंडाईबारी आणि उत्तरेस सातपुड्यातील बिजासन घाट चढावा लागतो. तेव्हा एकदा बसविलेले मिश्रण वर्षभर व सर्व रस्त्यांवर योग्य राहणे शक्य नव्हते.

२. चालकाचा हात : युद्धकालीन कोळसा-गॅस :

प्रारंभीच्या मोटारींत मिश्रण चालकाच्या हाती असे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीत कार्बोरेटरची सुई फिरविण्याची कळ चालकासमोरच बसविलेली होती. या अधिकाराचे सर्वांत कठीण रूप दुसऱ्या महायुद्धात दिसले. १९४१ मध्ये भारतात पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि प्रवासी मोटारी व मालमोटारींना कोळसा-गॅसची भट्टी जोडण्यात येऊ लागली. लोणारी कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या या वायूत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील घटक असले, तरी निम्मा भाग निष्क्रिय नायट्रोजनचा असे. पेट्रोल व हवेच्या एक घनमीटर मिश्रणात सुमारे ३.८ मेगाज्यूल ऊर्जा असते. कोळसा-गॅसच्या मिश्रणात ती सुमारे २.५ मेगाज्यूल एवढीच भरते. परिणामी इंजिनाची शक्ती एकतृतीयांशाहून अधिक घटत असे.

येथे गॅस व हवा जवळजवळ समप्रमाणात मिसळावी लागत. भट्टीची धग कमी-अधिक झाली की वायूचा कस बदलत असे आणि चालकाला हवेची झडप पुनःपुन्हा हलवावी लागे. इंजिनाचा आवाज आणि चढावरील ओढ हीच त्याची मोजमापे होती. मिश्रण जुळविणे हे तेव्हा वाहन चालविण्याच्या कौशल्याचाच भाग होते.

३. मिस्त्रीचा हात : कार्बोरेटरचे पर्व :

स्वातंत्र्योत्तर काळात हा अधिकार गॅरेजमध्ये गेला. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर या मोटारी अनेक दशके रस्त्यावर राहिल्या. डिसेंबर १९८३ मध्ये त्यांत मारुती ८०० ची भर पडली. नव्या मोटारी दुर्मीळ असल्याने जुनी मोटार टिकविणे आणि तिच्यातून 'पिकअप' काढणे हे मिस्त्रीच्या प्रतिष्ठेचे गमक ठरले.

प्लगचे टोक हे त्याचे प्रमुख साधन होते. टोक काजळीने काळे पडले असेल तर मिश्रण दाट; पांढरे पडले असेल तर विरळ; फिकट तपकिरी असेल तर योग्य, असा हा निकष शास्त्राशी सुसंगत आहे. स्क्रू उघडला की शक्ती वाढते हा ग्राहकांचा समज मात्र पूर्णपणे खरा नव्हता. मिश्रणाचा स्क्रू मुख्यतः इंजिन मंद गतीत, जागेवर चालू असतानाचे प्रमाण ठरवितो. भरधाव वेगात किंवा चढावर शक्ती ठरते ती मुख्य जेटच्या छिद्रावर. तेथे फेरबदल करावयाचा तर मोठा जेट बसवावा लागे आणि त्याची किंमत वाढत्या पेट्रोलखर्चात मोजावी लागे.

डिझेलवरील मालमोटारींचे तत्त्व वेगळे होते. डिझेल इंजिनात हवा पूर्ण घेतली जाते आणि शक्ती केवळ इंधनाच्या मात्रेवर ठरते. पंपातून सोडलेले डिझेल वाढविले की ओढ वाढे, परंतु मर्यादा ओलांडताच काळा धूर निघे. मालकाचा फायदा आणि रस्त्याकडेच्या माणसाचा तोटा यांचे नाते येथे उघड्या डोळ्यांना दिसत होते.

४. नियमाचा हात : १९८९ नंतर :

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये पेट्रोलवरील चारचाकी वाहनांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत, तर दुचाकी व तीनचाकी वाहनांत ४.५ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. मिश्रणाच्या प्रमाणावर कायद्याने घातलेली ही महत्त्वाची मर्यादा होय. तथापि ही तपासणी इंजिन जागेवर चालू ठेवून होत असे. म्हणजे नियमाने नेमके तेच मोजले, जे मिस्त्रीचा स्क्रू बदलू शकत होता. तपासणीपुरते मिश्रण विरळ करून नंतर पूर्ववत करणे शक्य होते आणि शक्ती ठरविणारा मुख्य जेट मोजमापाबाहेरच राहत होता. ऑक्टोबर २००४ पासून नव्या मोटारींसाठी ही मर्यादा ०.५ टक्के झाली. केवळ स्क्रू फिरवून ती गाठणे दुरापास्त होते.

५. संगणकाचा हात :

२००० च्या सुमारास मोटारींत इंधन-इंजेक्शन रूढ झाले. धुरातील प्राणवायू मोजणाऱ्या संवेदकाच्या आधारे संगणक मिश्रण १४.७ च्या आसपास राखतो, कारण धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र त्याच प्रमाणात परिणामकारक ठरते. पूर्ण शक्तीची गरज भासली की तोच संगणक मिश्रण तेवढ्यापुरते दाट करतो. उन्हाळ्याची विरळ हवाही त्याला कळते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आज शक्ती वाढविण्यासाठी संगणकातील आज्ञावली बदलली जाते. परंतु उत्पादकाने ठरविलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जळगावचा समावेश झाला. तेथील प्रश्न मुख्यतः धूलिकणांचा असून त्याचा सर्व भार वाहनांवर टाकता येणार नाही. तरीही मिश्रण ही केवळ वाहनमालकाची खासगी बाब राहिलेली नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१. हवा-इंधन प्रमाणाचा ताबा चालकाकडून मिस्त्रीकडे, तेथून नियमाकडे व अखेरीस उत्पादकाच्या संगणकाकडे गेला.

२. या स्थित्यंतरामुळे हवेचे हित साधले, परंतु हात, कान व डोळे यांवर आधारलेल्या कौशल्याचे बाजारमूल्य घटले. निदानासाठी लागणारी उपकरणे व प्रशिक्षण यांचा खर्च लहान गॅरेजला स्वतःच उचलावा लागला.

३. मिस्त्रींचे ज्ञान अंधश्रद्धा नव्हते आणि परिपूर्णही नव्हते. प्लगच्या रंगाचा निकष शास्त्रशुद्ध होता, स्क्रूविषयीचा लोकसमज अपुरा होता. दोन्हींची नोंद होणे आवश्यक आहे.

४. कार्बोरेटरच्या काळात घडलेली मिस्त्रींची पिढी आता उतारवयाकडे झुकत आहे. धुळे व जळगाव येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास खानदेशच्या श्रमेतिहासाचे एक अलिखित दालन खुले होईल. हे काम लांबणीवर टाकल्यास कार्बोरेटर संग्रहालयात पाहावयास मिळतील, पण ते कसे जुळवावेत हे सांगणारे कोणी उरणार नाही.