अष्टमकरांचे कीर्तन आणि हरवलेली चाल

रोह्याला कुंडलिका ओलांडली की पलीकडे अष्टमी. नगरपरिषदेच्या नावातही दोन्ही गावे जोडीनेच येतात. या अष्टमीवरून ‘अष्टमकर’ हे आडनाव पडले, रोह्यावरून ‘रोहेकर’ आणि माझ्या पेणवरून ‘पेणकर’. ही आडनावे बेने इस्रायली समाजात आजही आहेत. माणसे मात्र बहुतेक निघून गेली. पेणमध्ये १८६३ साली बांधलेले बेथ हाएलोहीम हे प्रार्थनामंदिर आहे. लहानपणी मी त्याच्यासमोरून अनेकदा गेलो असेन. पण या घरांतून मराठी कीर्तन होत असे, हे मला पन्नाशीत वाचून कळले.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि वाचलेली काही कुटुंबे कोकणात स्थिरावली. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शब्बाथला घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. घरची भाषा मराठी. लग्नात हळद-मेंदी आणि त्यांची मराठी गाणी. नवसाला पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा, आणि त्या वेळी एलियाहू हन्नाबीचे हिब्रू स्तवन. देवाची भाषा एक आणि घराची दुसरी, असा हा संसार होता.

या दोन भाषांमध्ये पूल बांधला तो कीर्तनाने. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून बायबल मराठीत आले आणि पूर्वजांच्या कथा समाजाला आपल्या भाषेत वाचता येऊ लागल्या. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही सुशिक्षित बेने इस्रायलांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला. आख्यान अब्राहमाचे, योसेफाचे किंवा मोशेचे. पण बांधणी साकी, दिंडी, ओवी आणि पदांची. सुरुवातीच्या कीर्तनकारांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे नाव ठळकपणे येते. नदीपलीकडच्या त्या गावाचे नाव मराठी कीर्तनाच्या इतिहासात असे शिरले आहे. आपल्या वाङ्मयेतिहासांनी मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

काहींना यात केवळ अनुकरण दिसेल. मला तसे वाटत नाही. त्या काळी गावोगाव रात्र जागवण्याची ताकद कीर्तनात होती. जुनी कथा जिवंत ठेवायची, तर ती तरुणांच्या कानाला ओळखीच्या वाटणाऱ्या संगीतात सांगितली पाहिजे, हे या मंडळींनी ओळखले.

हीच गोष्ट आपल्या काळात अगदी वेगळ्या आवाजात घडलेली मी ऐकली. यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची बोली, जर्मन वळणाची, पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती एक कोटीहून अधिक लोक बोलत. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिडिशभाषक होते. पुढे इस्रायलमध्ये हिब्रूचा आग्रह धरला गेला आणि यिडिश मागे पडली. अशा वेळी, २००१ साली, तिथल्या काही तरुणांनी ‘गेव्होल्ट’ नावाचा हेवी मेटल वाद्यवृंद उभा केला. २०११ च्या त्यांच्या ‘अलेफबेस’ या संग्रहात पारंपरिक यिडिश गाणी आहेत. विजेच्या गिटारींची घरघर, ड्रमचा मारा, जोडीला व्हायोलिन. शब्द आजीचे आणि आवाज रणगाड्याचा. पहिल्यांदा मी दोन मिनिटांत ते बंद केले. दुसऱ्यांदा नेटाने ऐकले, तेव्हा त्या गदारोळाच्या तळाशी मूळ चाल जशीच्या तशी चाललेली जाणवली. तिला धक्का लागलेला नव्हता.

आणि इथेच आपल्याकडची अडचण माझ्या ध्यानात आली. त्या काळच्या मराठी पदसंग्रहांत स्वरलिपी नसे. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध पदाचे पहिले शब्द दिले, की काम भागे. कारण ते पद सर्वांना पाठ असे. आज ते मूळ पदच कुणाला आठवत नसेल, तर खालचे शब्द मुके होतात. म्हणजे यिडिश गाण्याने वाद्ये बदलली आणि चाल राखली. आपल्या कीर्तनाचे शब्द कागदावर राहिले आणि चाल माणसांच्या गळ्यात राहिली.

ते गळे कुठे आहेत? १९४८ नंतर हजारो कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांचे ज्यूपण तिथे काही काळ वादाचा विषय ठरले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते स्पष्टपणे मान्य करावे लागले. दिमोना, अश्दोद, रामला, लोद या गावांत त्यांनी मराठी जपली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. अमेरिकन संगीत-अभ्यासक अॅना शुल्ट्झ यांनी मुंबई आणि इस्रायल या दोन्ही ठिकाणच्या बेने इस्रायली मराठी गायनावर संशोधन केले आहे. त्यात वयस्क स्त्रियांच्या स्मरणाला मोठे मोल आहे. वहीत शब्द असतात, चाल त्यांनाच ठाऊक असते. नातवंडे हिब्रूत बोलतात.

म्हणून या गाण्यांचे जतन म्हणजे केवळ पोथ्या कपाटात ठेवणे नव्हे. रायगडात, ठाण्यात, मुंबईत जी थोडी कुटुंबे उरली आहेत, त्यांच्या घरी जाऊन, परवानगी घेऊन, गाणे गळ्यातून उतरवून घेतले पाहिजे. हे काम ज्यू अभ्यासकांइतकेच आपले, मराठीचे आहे. एकदा चाल हाती आली, की पुढे ती कुणी पेटीवर गावी की विजेच्या गिटारीवर, याची मला चिंता नाही. बेंजामिन अष्टमकरांनाही ती नसावी. त्यांनी स्वतः मोशेच्या हाती टाळ-चिपळ्या दिल्याच होत्या.